बियाण्यापासून हरळीची हिरवळ: ८० चौरस मीटरच्या नोंदी

४ फेब्रुवारी

तुकडा १२ बाय ८ मीटरचा. एका कोपऱ्यात मोठं झाड आहे. त्याच्या दाट सावलीत येणारे १६ चौरस मीटर आजच खुंट्या मारून वगळले. हरळीला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत ती उगवते, पण उंच आणि विरळ वाढते, आणि वावर सुरू झाला की उघडी पडते. दरवर्षी तिथे बी फेकत बसण्यापेक्षा तो कोपरा सावलीतल्या झुडपांना दिलेला बरा. उरले ८० चौरस मीटर. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर.

गवत हरळीच का? शेतकरी जिला आयुष्यभर खणून काढतो, तिचा तोच गुण इथे हवा आहे. जमिनीवर धावणाऱ्या कांड्या आणि जमिनीखालची खोडं, दोन्हीकडून ती पसरते आणि तुडवली तरी पुन्हा फुटते. हिवाळा कडक आणि उन्हाळा सौम्य असेल तिथे राय, फेस्क्यू, ब्लूग्रास अशी थंडीतली गवतं घ्यावीत. त्यांचा पेरा उन्हाळा ओसरताना करायचा. बियाण्याचे दरही वेगळे: राय किंवा उंच फेस्क्यूला चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम लागतात, कारण त्यांच्या एका ग्रॅममध्ये जेमतेम पाचशे दाणे असतात. हरळीच्या ग्रॅममध्ये चार हजारांच्या घरात.

पाण्याच्या नळीने पातळी काढली. आठ मीटरच्या बाजूला सध्या ५ सेंमी उतार आहे आणि मध्यभागी बशीसारखा खोलगटपणा. उतार हवा मीटरला दीड सेंमी, म्हणजे ८ मीटरला १२ सेंमी, आणि तोही इमारतीपासून बाहेरच्या बाजूला. यापेक्षा कमी ठेवला तर पाणी साचतं, दुपटीहून जास्त ठेवला तर बी वाहतं.

६ फेब्रुवारी

माती तपासली. उभ्या सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवली. एका मिनिटात बसली ती वाळू, दोन तासांत बसला तो पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक आणि चिकणमातीहून जाड कण. चिकणमाती पूर्ण बसायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून शेवटची खूण ८ तारखेला केली. नऊ सेंमीच्या थरात वाळू ३.६, पोयटा २.७, चिकणमाती २.७. म्हणजे ४०, ३० आणि ३० टक्के: चिकण पोयट्याची जमीन. ओलावा चांगला धरते, पण ओली असताना तुडवली की घट्ट बसते.

निचऱ्यासाठी ३० सेंमी खोल खड्डा घेऊन पाण्याने भरला, पूर्ण मुरू दिला, पुन्हा भरला आणि दुसऱ्या भरण्याला पाणी उतरण्याचा वेग मोजला. तासाला ३ सेंमी. अडीचच्या वर असेल तर चालतं. पहिल्या भरण्याचा वेग धरू नये. कोरडी माती पाणी शोषून घेते आणि आकडा फुगतो.

पीएच (मातीची आम्लता सांगणारा आकडा) ७.४. हरळीला चालतो. चुना अजिबात घालायचा नाही. या पीएचला पुढे लोहाची कमतरता दिसू शकते, तेवढं लक्षात ठेवायचं.

चिकण मातीत वाळू मिसळा, हा सल्ला सर्रास ऐकू येतो. थोडी वाळू घातली तर चिकणमातीचे कण तिच्या दाण्यांमधल्या फटी भरतात आणि सुकल्यावर सगळं आधीपेक्षा कडक होतं. फरक पडायला एकूण मातीत निम्म्याहून बरीच जास्त वाळू लागते, आणि एवढी वाळू आणायची तर वरची माती बदलल्यातच जमा. इथे वाळू नाही, फक्त कुजलेलं खत.

९ फेब्रुवारी

तणं काढली. साधी वार्षिक तणं फावड्याने खरवडली, त्यांची चिंता नाही. चिंता लव्हाळ्याची. त्याची ओळख दांड्यावरून: बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात. वरचा पाला उपटला की तो निघाला असं वाटतं, पण खाली गाठींची माळ असते आणि वरची गाठ तुटली की खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंमीत असतात. म्हणून लव्हाळा दिसला तिथे कुदळीने माती काढून चाळणीवर घातली आणि गाठी वेचल्या. त्या वाळवून टाकायच्या, खताच्या खड्ड्यात नाही.

उगवणपूर्व तणनाशक, पेंडिमेथॅलिनसारखं, या प्रकल्पात कुठेही वापरायचं नाही. ते उगवणारं बी रोखतं, हरळीचंसुद्धा, आणि त्याचा असर मातीत कित्येक आठवडे टिकतो.

१५ फेब्रुवारी

वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी ओली झाली. मुठीत दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला. कालपर्यंत तो चपटा होऊन तसाच राहत होता, म्हणून खणणं थांबवलं होतं. चिकण जमीन ओली खणली तर जी ढेकळं होतात, ती पुढे दंताळ्याने फुटत नाहीत.

कुदळ आणि फावड्याने १५ सेंमी खोल खणलं. सुपारीपेक्षा मोठे दगड, मुळं, बांधकामाचा चुरा सगळं बाहेर. पुरलेल्या विटा-सिमेंटच्या तुकड्यांकडे दुर्लक्ष करू नये. त्यांच्यावरची माती आधी तापते, आधी सुकते आणि उन्हाळ्यात बरोबर त्याच आकाराचा पिवळा ठिपका उमटतो.

१७ फेब्रुवारी

पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, अडीच सेंमी थर. ८० चौरस मीटरवर अडीच सेंमी म्हणजे २ घनमीटर. पसरून वरच्या १५ सेंमीत मिसळलं. थर मातीवर नुसता ठेवला तर मुळं त्या थरातच गुंततात आणि खाली उतरत नाहीत. कच्चं शेणखत टाळलं. त्यात तणांचं बी जिवंत असतं आणि कुजताना त्याची उष्णता व अमोनिया कोवळ्या मुळांना सोसत नाही.

१८ आणि १९ फेब्रुवारी

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: सम करणं. १२ सेंमीच्या उताराच्या दोऱ्या ताणल्या. गवंड्याची तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी दोरीच्या समांतर ओढत उंचवटे कापले, खळगे भरले. मधली बशी भरायला खालच्या कडेची माती पुरली. मग पाणी मारून बसू दिलं आणि पुन्हा पट्टी ओढली, कारण खणलेली माती सगळीकडे सारखी बसत नाही. पेव्हरच्या (फरसबंदीच्या ठोकळ्यांच्या) कडेला माती २ सेंमी खाली ठेवली, नाहीतर पुढे कापणीयंत्राचं पातं दगडाला लागतं.

घट्टपणा टाचेने तपासला. पूर्ण वजन टाचेवर दिलं की खूण एक सेंमीच्या आत राहिली पाहिजे. जास्त खोल गेली तर माती भुसभुशीत आहे. बी खोल जाईल आणि पहिल्या पाण्याला जागोजागी खड्डे पडतील. खूणच उमटत नसेल तर वरची दोन सेंमी माती दंताळ्याने मोकळी करायची. इथे दोन पट्ट्यांवर रिकामा रूळ फिरवावा लागला.

२० फेब्रुवारी

फसवी पेरणी सुरू. काहीही न पेरता जमीन पेरल्यासारखी ओली ठेवायची. मातीत पडून असलेलं तणांचं बी उगवतं, मग ते वरच्यावर कापून टाकायचं. तीन आठवडे वाया जातात असं वाटून बहुतेक जण ही पायरी गाळतात. हरळीचं रोप पहिला महिना इतकं बारीक असतं की रुंद पानांच्या तणाखाली ते दिसतसुद्धा नाही, आणि तेव्हा त्यावर बहुतेक तणनाशकं चालत नाहीत. आत्ता काढलेलं एक तण म्हणजे एप्रिलमध्ये गुडघे टेकून काढायची पाच वाचली.

२४ फेब्रुवारी

बियाणं आलं. पिशवीवर शुद्धता ९८ टक्के, उगवणक्षमता ८५ टक्के, टरफल काढलेलं, लेप नसलेलं. लेपवाल्या बियाण्यात निम्मं वजन लेपाचंच असू शकतं, त्यामुळे दर त्या प्रमाणात वाढवावा लागतो. टरफल न काढलेलं बी हळू आणि मागेपुढे उगवतं.

पिशवीवरची चाचणी कधीची आहे ते बघावं. गोदामात उकाड्यात पडलेल्या बियाण्याची उगवण घसरते. म्हणून १०० दाणे ओल्या कागदावर, झाकणाच्या पारदर्शक डब्यात, खिडकीशी. हरळीच्या बियाला उजेड आणि दिवसाची ऊब, रात्रीचा गारवा असा फरक मानवतो. सतत एकाच तापमानात ठेवलं तर उगवण कमी दिसते.

४ मार्च

फसव्या पेरणीची पहिली खेप दोन पानांवर. कोरड्या, उन्हाच्या सकाळी धारदार खुरप्याने एक सेंमीच्या आत खरवडून काढली. खोल गेलं तर खालचं नवं बी वर येतं आणि सगळं पहिल्यापासून. लव्हाळ्याचे काही कोंब निघाले. ते मात्र गाठीसकट खणले.

१० मार्च

डब्यातले दाणे मोजले: १०० पैकी ७८ उगवले. ०.९८ गुणिले ०.७८ म्हणजे ०.७६. वजनातलं ७६ टक्केच खरं जिवंत बी. चौरस मीटरला ७ ग्रॅम जिवंत बी हवं असेल तर ७ भागिले ०.७६, साधारण सव्वानऊ ग्रॅम. ८० चौरस मीटरला ७४० ग्रॅम.

सात ग्रॅम म्हणजे चौरस सेंटीमीटरला जवळपास तीन दाणे. ‘दाट पेरलं की दाट येतं’ म्हणून दर दुप्पट करण्याचा मोह आवरावा. रोपं एकमेकांना दाबतात, फुटवे येत नाहीत आणि बुरशीला आयतं रान मिळतं.

११ मार्च

तणाची दुसरी खेप खरवडली. पहिलीच्या मानाने फारच कमी.

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) चौरस मीटरला १० ग्रॅम, एकूण ८०० ग्रॅम, दंताळ्याने वरच्या ५ सेंमीत मिसळलं. यातून ४.६ ग्रॅम स्फुरद (फॉस्फेट) आणि १.८ ग्रॅम नत्र (नायट्रोजन) मिळतं. स्फुरद मातीत जागचं हलत नाही, म्हणून ते मुळांच्या वाटेत आधीच असलेलं बरं. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं असतं तर ही पायरी गाळली असती. पेरणीच्या चार दिवस आधी घालण्याचं कारण असं की पीएच सातच्या वर असताना डीएपीतून अमोनिया सुटतो. दाणेदार खत बियाला चिकटून राहिलं तर त्या ठिपक्यात उगवण होत नाही.

१३ मार्च

तुषार यंत्रणा तपासली. सारख्या तोंडाचे दहा रिकामे डबे जागेवर पसरून १५ मिनिटं पाणी सोडलं. नऊ डब्यांत ५ मिमीच्या आसपास, ईशान्य कोपऱ्यात २ मिमी. एका तुषाराचं पाणी शेजारच्या तुषाराच्या बुडापर्यंत पोचलं पाहिजे. तिथे ते दीड मीटर अलीकडेच संपत होतं. कोपऱ्यात अर्ध्या वर्तुळाचा आणखी एक तुषार बसवला, पुन्हा डबे ठेवले, ४.५ मिमी आलं. पुरे.

म्हणजे ३ मिनिटांत १ मिमी. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, इथे ८० लिटर. पुढचं सगळं पाणी या मापाने. ‘भरपूर पाणी द्या’ हे माप नव्हे.

१५ मार्च: पेरणी

सकाळी ९ वाजता ५ सेंमी खोलीवर मातीचं तापमान २१ अंश, सलग चौथ्या दिवशी २० च्या वर. हरळीसाठी हाच खरा मुहूर्त. हवेचं तापमान फसवतं. माती १५ अंशांवर असताना पेरलेलं बी पडून राहतं, तेवढ्यात मुंग्या आणि पक्षी आपला वाटा उचलतात.

वारा पडलेला. जमीन दोऱ्यांनी २० चौरस मीटरच्या चार पट्ट्यांत वाटली. ७४० ग्रॅमचे दोन भाग, प्रत्येकाचे चार: पट्टीला एका फेरीत ९२ ग्रॅम. प्रत्येक वाटा चौपट कोरड्या वाळूत मिसळला, कारण इतकं बारीक बी हाताने सारखं फोकता येत नाही आणि मातीवर दिसतही नाही. वाळू दिसते. पहिली फेरी लांबीच्या दिशेने, दुसरी आडवी. वाटे आधीच करून ठेवल्यामुळे शेवटच्या पट्टीला बी कमी पडण्याचा प्रश्न येत नाही.

मग दंताळं उलटं धरून, पाठीने, हलक्या हाताने. बी ३ ते ५ मिमीच्या आत राहिलं पाहिजे. या दाण्यात साठा इतका थोडा असतो की सेंटीमीटरभर मातीखालून कोंब वर येईपर्यंत तो संपतो. दहातला एखादा दाणा वर दिसत असेल तर काम बरोबर झालं. एकही दिसत नसेल तर बहुधा खोल गेलं.

रिकामा रूळ एकदाच फिरवला. बी मातीला चिकटलं तरच ओलावा ओढून घेतं. ढेकळांमधल्या पोकळीत अडकलेलं बी ओलं होतं, सुकतं, पुन्हा ओलं होतं आणि मरतं. रूळ फिरवताना वरची माती कोरडी हवी, नाहीतर बी रुळालाच चिकटून जातं. वरून चाळलेल्या कंपोस्टचा ३ मिमी थर, एकूण २४० लिटर. चिकण जमिनीत याचा दुसरा उपयोग असा की पाण्याच्या थेंबांनी मातीवर कडक पापुद्रा धरत नाही.

१६ ते २२ मार्च

पाणी दिवसातून चार वेळा: सकाळी ७, ११, दुपारी २ आणि साडेचार. प्रत्येक वेळी ३ ते ४ मिनिटं. वरची दीड सेंमी माती ओली राहावी, पण कुठे पाणी चमकू नये. ढगाळ दिवशी एक पाळी गाळली.

बी उगवत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा बियाण्याला दिला जातो. खरा घोळ असतो तो या दिवसांत. कोरडं बी महिनोन्‌महिने टिकतं. पाणी पिऊन फुगलेलं, मूळ बाहेर काढलेलं बी मात्र एक कडक दुपार कोरडी गेली तरी संपतं, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. ज्यांना दिवसातून चार वेळा पाणी देणं जमणार नाही त्यांनी पेरणी पुढे ढकलावी.

मुंग्यांची रांग एका कडेला दिसली, बी नेत होत्या. वारूळ जागेच्या बाहेर असल्याने त्यात उकळतं पाणी ओतलं, तेवढ्याने भागलं.

२३ मार्च

दगडी कडेला, जिथे माती जास्त तापते, तिथे पहिले कोंब. उभं राहून दिसत नाहीत. जमिनीलगत डोळे नेऊन, उन्हाकडे तोंड करून पाहिलं की केसाएवढ्या हिरव्या सुया दिसतात. मधला भाग अजून मोकळा. हरळीला सात ते चौदा दिवस, कधी तीन आठवडेही लागतात, तेव्हा घाईने वर आणखी बी टाकायचं नाही.

२८ मार्च

रात्री जोराचा पाऊस. खालच्या कडेला दोन ओघळ पडले, बी आणि कंपोस्ट तिथे ओळीने जमलं. दंताळं लावलं नाही. उगवलेलं रोप एकदा उचकटलं की परत रुजत नाही. ओघळांत तेवढी चाळलेली माती भरली, उघड्या पडलेल्या मुळांवर कंपोस्ट भुरभुरलं. वाहून गेलेल्या जागांना खुंट्या मारून ठेवल्या. आज पाणी नाही.

२ एप्रिल

खालच्या कोपऱ्यात, ओघळाचं बी जिथे जमलं होतं तिथेच, ताटभर आकाराचा डाग. रोपं आडवी, बुंध्याशी पाणी भरल्यासारखी काळपट, दोन बोटांत धरली तर मऊ लागतात. पहाटे त्यावर पांढरं सुतासारखं जाळं होतं, ऊन आल्यावर ते दिसेनासं झालं. रोपं कोलमडण्याचा हा रोग बुरशीमुळे होतो. पाण्याअभावी सुकलेलं रोप कुरकुरीत असतं, बुंधा कुजत नाही. हा फरक हाताने बघितल्याशिवाय पाणी वाढवू नये, कारण इथे पाणी वाढवणं म्हणजे रोगाला खतपाणी.

उपाय: साडेचारची पाळी बंद, शेवटचं पाणी दुपारी २ ला, म्हणजे रात्र पडण्याआधी पानं सुकतात. डागावरचं जाड कंपोस्ट हलक्या ब्रशने सारलं. बुरशीनाशक वापरलं नाही. पसरत राहिलं असतं तर आधी बुरशी ओळखावी लागली असती, कारण मेटालॅक्झिल हे बुरशीनाशक पिथियम या बुरशीवर चालतं, रायझोक्टोनिया या दुसरीवर नाही.

५ एप्रिल

डाग थांबला. बाकी जमिनीवर रोपं दोन-तीन पानांची. पाण्याची पद्धत बदलली: दिवसातून एकदा, सकाळी, ५ मिमी. दर तीन-चार दिवसांनी अंतर वाढवत जायचं आणि प्रत्येक पाळीचं माप वाढवत. मुळं ओलाव्यामागे खाली जातात. वरच्या दोन सेंमीत रोज पाणी मिळत राहिलं तर ती तिथेच बसतात.

खुंट्या मारलेल्या जागांपैकी तळहाताहून मोठ्या तेवढ्याच पुन्हा पेरल्या. लहान जागा धावत्या कांड्या स्वतःच भरतील. राय किंवा उंच फेस्क्यू असतं तर छोट्या जागाही पेराव्या लागल्या असत्या, ती गवतं झुबक्याने वाढतात.

२० एप्रिल

नत्राचा पहिला हप्ता. चौरस मीटरला २.५ ग्रॅम नत्र. अमोनियम सल्फेटमध्ये २१ टक्के नत्र, म्हणजे १२ ग्रॅम, एकूण ९६० ग्रॅम. युरियाऐवजी हे घेण्याचं कारण पीएच: अमोनियम सल्फेट माती किंचित आम्लतेकडे नेतं. बियाण्यासारखेच दोन भाग करून उभं-आडवं टाकलं. पानं पूर्ण कोरडी असताना टाकायचं आणि लगेच ५ मिमी पाणी. दवाने ओल्या पानांवर दाणे चिकटले की तपकिरी ठिपके पडतात.

२४ एप्रिल: पहिली कापणी

उंची साडेचार सेंमी, कापली ३ वर. एका वेळी पानाचा एक तृतीयांश भागच कापायचा, हा नियम पहिल्या कापणीला सगळ्यात कडक पाळायचा. आधी ओढून बघितलं: चिमटीत धरून हलका झटका दिला, रोप हाताशी आलं नाही. आलं असतं तर आठवडाभर थांबलो असतो. जमीन वरून कोरडी, पातं कालच धार लावलेलं. बोथट पातं कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके दिसतात आणि कोवळं रोप मुळासकट उपटून येतं.

कापलेलं गवत जागेवरच राहू दिलं. एवढं बारीक असलं की आठवड्यात कुजतं. गंजी झाली तर मात्र पसरायची.

उंचच वाढू द्यावं, मजबूत होईल, असं अनेकांना वाटतं. हरळीत उलट होतं. वेळेवर शेंडा कापला की ती आडवी धावते, आणि आपल्याला हवी आहे ती आडवी वाढच.

६ मे

चार कापण्या झाल्या. रुंद पानांची तणं पाण्यानंतर मऊ मातीतून हाताने निघत आहेत, फवारणीची गरज वाटत नाही. वाटली तरी तीन-चार कापण्यांआधी २,४-डी हे तणनाशक वापरायचं नव्हतंच, कोवळी हरळीही पिवळी पडते. लव्हाळा तीन ठिकाणी. लांब पात्याच्या खुरप्याने गाठीपर्यंत गेलो.

१८ मे

पूर्वेच्या बाजूला पक्ष्यांची गर्दी, काही पानं कडेने कुरतडलेली. शंका लष्करी अळीची. चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे साबणाचं द्रावण करून चौरस मीटरवर ओतलं. पाच-दहा मिनिटांत अळ्या असतील तर वर येतात. तीन आल्या. जोमाने वाढणारी हरळी एवढं सहज भरून काढते, म्हणून काहीच फवारलं नाही. संख्या वाढली तर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं कीटकनाशक), तेही अळ्या लहान असताना आणि संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा प्रभाव लवकर उतरतो. गवताचा गालिचा सतरंजीसारखा उचलून येत असेल तर दोष जमिनीखाली, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचा. तसं काही नाही.

१ जून

पाणी आता आठवड्याला २५ मिमी, दोन पाळ्यांत. पण १२ मिमी एकदम दिलं की चिकण जमिनीवरून वाहायला लागतं. म्हणून १२ मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये अर्धा-पाऊण तास. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर टोचला, १५ सेंमीपर्यंत सहज गेला. जिथे अडतो तिथपर्यंतच ओल पोचली असं समजावं. पुढचं पाणी कधी, ते वेळापत्रकापेक्षा गवत चांगलं सांगतं: हिरव्यात निळसर करडी झाक येते आणि पावलं उमटलेली तशीच राहतात.

१४ जून

पश्चिमेच्या पट्टीत कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. नत्राची कमतरता असती तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असती. हे लोह आहे. पीएच ७.४ ला लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, दहा चौरस मीटरला सव्वा लिटर, उन्हं उतरल्यावर पानांवर फवारलं. पेव्हर आधी ओले करून झाकले, त्यावर पडलेले गंजाचे डाग निघत नाहीत. तीन-चार दिवसांत फरक दिसेल. फवारणीचा परिणाम तात्पुरता असतो, नवी पानं पुन्हा पिवळी आली तर परत करावी लागेल.

२८ जून

जमीन झाकली गेली, पेव्हरलगतची एक अरुंद पट्टी सोडून. कापणी आता आठवड्यातून दोनदा. वाढीच्या महिन्यांत नत्र महिन्याला २.५ ते ५ ग्रॅमच्या दरम्यान, वाढ बघून. गवताच्या बुडाशी साचणारा वाळक्या कांड्यांचा थर फावड्याने पाचर काढून मोजला: ३ मिमी. तो १२ मिमीच्या वर गेला की पाणी खाली जात नाही, तेव्हा टोकदार दंताळ्याने काढावा लागेल.

कांड्या फुलझाडांच्या वाफ्यात शिरायला लागल्या आहेत. कडेने फावडं उभं मारून १२ सेंमी खोल चर केला आणि बाहेर गेलेल्या कांड्या ओढून काढल्या. त्यातले दोन-तीन पेरांचे तुकडे पेव्हरलगतच्या उघड्या पट्टीत, १५ सेंमी अंतरावर, एक पेर मातीत आणि एक बाहेर असे लावून दाबले. तिथे दहा दिवस रोज पाणी. उरलेल्या कांड्या फरशीवर कडक वाळेपर्यंत पसरून ठेवल्या आहेत. ओल्या असताना खताच्या खड्ड्यात टाकल्या तर तिथेच रुजतात आणि पुढच्या वर्षी कंपोस्टबरोबर वाफ्यात परत येतात.